रजिस्टरबाहेरची माणसं

बाबा,

मी सध्या रायपूरला आहे. गुढियारीच्या घरात, पुढच्या खोलीत बसून लिहिते आहे. पंखा अजून तोच आहे आणि आवाजही तसाच करतो. आईला दुपारी जेवणानंतर झोप लागते, तेवढ्या वेळात हे लिहून काढायचं ठरवलंय, कारण ती जागी असली की दर दहा मिनिटांनी येऊन विचारते, काय लिहून राहिली, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला या वयातही नीट जमत नाही. दोन महिन्यांपूर्वी मी एका अहवालावर सही केली, आणि त्यात काही माणसं मोजायची राहिली. त्या मोजणीवर त्यांचं पुढचं पोटपाणी अवलंबून होतं. ते प्रकरण आता बरंचसं मार्गी लागलं आहे आणि लोक माझं कौतुक करत आहेत. त्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी मी काय काम करते ते सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला त्यातलं फारसं कळलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं.

आई पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांना सांगते की आमची पोट्टी फॉरेनात लाईटीच्या ऑफिसात आहे. त्यामुळे मी आले की आजूबाजूच्या दोनचार बायका बिलं घेऊन हजर होतात. ह्या महिन्यात इतकं कसं आलं, मीटर पळून राहिलं काय, तुम्ही वर जरा बोलून पाहा. सुरुवातीला मी समजावत बसायची की माझं काम वेगळं आहे. आता बिल हातात घेते, चष्मा लावते, उलटसुलट बघते आणि सांगते की फ्रिजच्या दाराचं रबर बदलून घ्या. त्यांचं समाधान होतं, माझंही होतं, आणि खरोखर कुणाच्या तरी घरची वीज वाचते, जे माझ्या बाकीच्या कामाबद्दल इतक्या खात्रीनं सांगता येत नाही. बाकीचं काम असं, की जगातले कितीतरी देश वीज करायला कोळसा जाळतात, त्यानं हवा तापते, तर तो कोळसा कमी करून उन्हावरची आणि वाऱ्यावरची वीज कशी आणायची, कुठल्या क्रमानं, कुणाच्या पैशानं, हे मी वीस-पंचवीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. पोलंडला सांगितलं, व्हिएतनामला सांगितलं, दक्षिण आफ्रिकेत तर इतक्या वेळा गेले की तिथल्या हॉटेलवाल्याला माझ्या चहातली साखर माहीत आहे. मोठ्या परिषदा असतात, तिथे एका शब्दासाठी दोन दिवस भांडण चालतं आणि तिसऱ्या दिवशी तो शब्द गाळून सगळे टाळ्या वाजवतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आम्ही विमानातून करतो, एवढाच फरक. मी हे थट्टेनं लिहिते आहे, पण काम खोटं नाही, बाबा. ते मला आवडतं आणि मी त्यात चांगली आहे.

एकदा अशाच एका परिषदेत एक बाई स्वयंपाकघरातल्या धुरावर बोलत होत्या. मागे पडद्यावर फोटो होता, सिगडीचा, आणि त्यांनी सगळ्यांना विचारलं की तुमच्यापैकी कुणी हे कधी प्रत्यक्ष पाहिलं आहे का. खोलीत दोनशे माणसं. माझा हात वर गेला नाही. मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही पोतं भरून कोळशाचा चुरा आणायचात, आई त्यात माती कालवायची आणि आम्ही सगळे गच्चीवर बसून त्याचे गोळे वळायचो, लाडू वळावेत तसे, आणि उन्हात ओळीनं ठेवायचो. माझे गोळे सगळ्यात गोल व्हायचे म्हणून मी फुगून असायची. सकाळी आई सिगडी अंगणात पेटवते, धूर सरला की उचलून आत आणते, आणि तरी पोळ्या संपेपर्यंत खोकत असते. तुम्ही दाराशी उभे राहून म्हणता, "यंदा गॅसचा नंबर लागन." दर वर्षी म्हणता. अख्ख्या शहराला वीज देणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळी कंदील आणि चुलीला कोळशाचा चुरा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपण शब्दशः भोगला. मी हात का वर केला नाही, ते मला तेव्हा कळलं होतं. त्या खोलीत मी तज्ज्ञ म्हणून बसले होते आणि फोटोतली म्हणून ओळखलं जायची माझी इच्छा नव्हती.

तुम्ही तज्ज्ञ नव्हता. तुम्ही भनपुरीच्या सबस्टेशनात ऑपरेटर होता, पाळीनं काम करायचात, आणि माझ्या कॉलेजच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'इंजिनिअर' लिहिलं होतं. तुम्ही तो अर्ज पाहिलात, पेन मागितलंत आणि काही न बोलता 'ऑपरेटर' केलंत. मी दिल्लीला शिकायला निघाले तेव्हा स्टेशनवर तुम्ही मला टेस्टर दिलात. पिवळ्या दांड्याचा, खिशाला लावायचा, ज्यात लाल दिवा लागतो तो. बाकीच्या पोरींना बापांनी घड्याळं दिली होती. तुम्ही म्हणालात, "होस्टेलातल्या बटनाचा भरोसा नको करू. पहिले पाहून घेत जा, मंग हात लाव." पुढे कित्येक वर्षं तो माझ्या पर्समध्ये होता. मग कुठल्याशा विमानतळावर सुरक्षावाल्यानं तो हत्यार म्हणून काढून घेतला. मी वादही घातला नाही, विमान सुटत होतं.

आपलं शेवटचं बोलणं तुम्हाला आठवत असेल का, ठाऊक नाही. मी तेव्हा नुकतीच परदेशात लागले होते. तुम्ही गोल बाजारातल्या एसटीडी बूथवरून फोन केला होता, मागे भांड्यांच्या दुकानातला खणखणाट ऐकू येत होता. तुम्ही विचारलंत, "तू कोळसा बंद कराचं काम करतं म्हणते तुही आई. खरं काय?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. मग तुम्ही म्हणालात, "बरं आहे. तुह्या आईचा खोकला मी पाह्यला आहे. पण मंग तिथल्या लोकायचं काय करसान?" मी म्हटलं, बाबा, ते वेगळं डिपार्टमेंट बघतं. तुम्ही 'हव' म्हणालात, इथले लोक म्हणतात तसं, आणि फोन आईच्या हातात दिलात. पुढच्या महिन्यात तुमच्या छातीत दुखलं आणि मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. वेगळं डिपार्टमेंट तेव्हा नव्हतंच. बऱ्याच वर्षांनी ते निघालं, आणि गंमत अशी की त्याची प्रमुख म्हणून मलाच नेमलं.

तर आता हे प्रकरण. इथून काही तासांवर एक जुनं वीज केंद्र आहे. त्यातले सगळ्यात जुने दोन संच बंद करायचे ठरले आहेत. बंद झाल्यावर तिथल्या कामगारांना दोन वर्षं भत्ता, नवं काम शिकवणं आणि जवळच उभ्या राहणाऱ्या सौर प्रकल्पात नोकरीसाठी पहिला हक्क, अशी योजना आहे. पैसे बाहेरच्या देशांचे आहेत आणि ते कुणाला मिळायचे त्याची यादी आमच्या अहवालाच्या परिशिष्टात. ज्याचं नाव यादीत, त्याला सगळं. ज्याचं नाही, त्याला त्या दिवसापासून गेट बंद. ही यादी केंद्राच्या कर्मचारी रजिस्टरवरून केली होती. तुम्ही असतात तर पहिल्याच पानावर बोट ठेवलं असतं, कारण रजिस्टरात कोण असतं आणि कोण नसतं हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. रजिस्टरात कायम नोकरीवाले असतात. कोळसा उतरवणारे, पट्ट्याखालचा चुरा काढणारे, राखेच्या तळ्यावर काम करणारे, ते सगळे ठेकेदाराचे. केंद्राच्या कागदावर ते नसतातच. ठेकेदाराच्या कागदावर असतात, आणि ठेका संपला की तो कागदही जातो. इथं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या अहवालात मात्र ती माणसं राहून गेली, परिशिष्टाखाली माझी सही झाली, आणि मी नवा रायपूरच्या एका मोठ्या सभागृहात तो अहवाल मांडायला म्हणून इथं आले.

आईकडे गेली सहा वर्षं एक बाई कामाला येते. पोळ्या करते, आईचे पाय चेपते, तिच्याशी भांडते, आणि आईच्या मराठीला छत्तीसगढीत उत्तर देते. दोघींचं उत्तम चालतं. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं, "दीदी, वो प्लांट वाला लिस्ट तुमन बनाए हव कहिथें. हमर घरवाला के नाव हे का वोमा?" मला ठाऊकच नव्हतं की तिचा नवरा त्या केंद्रात कामाला आहे. तिकडेच राहतो आणि रविवारी घरी येतो. मी विचारलं, परमनंट आहे का. ती पाठमोरीच हसली. म्हणाली, राखड म्हणजे राखेच्या कामाला आहे, ठेक्यावर, लग्नाच्या आधीपासून. मी म्हटलं, देखती हूँ. नाव नाही हे मला तेव्हाच माहीत होतं, तरी देखती हूँ म्हटलं.

रविवारी तो स्वतः आला. उंच, वाकलेला, डोक्यावरचे केस राखेसारखे आणि राखेनंच तसे झालेत की वयानं, ते सांगता येणार नाही. खुर्चीवर बसायला तयार होईना, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसला. हातात एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यातून त्यानं गेट पास काढले आणि फरशीवर एकेक करून लावायला लागला. ठेकेदार बदलला की नवा पास मिळतो आणि जुना जमा करावा लागतो. हा दर वेळी जुना जमा करण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवत आला होता, आणि काही तर हरवला म्हणून सांगून तसेच ठेवले होते. फरशीवर जागा पुरेना, मग आईचा पाट सरकवला. प्रत्येक पासवर ठेकेदाराचं नाव वेगळं, कुठे ट्रेडर्स, कुठे इंजिनिअरिंग, कुठे नुसतं अमुक अँड सन्स. फोटो एकाच माणसाचे. पहिल्यात मिसरूड आहे, मधल्यात भरघोस मिशी, शेवटच्यात मिशी पांढरी. काम सगळ्यांवर एकच लिहिलं होतं. तो म्हणाला, "ठेकेदार बदलत रहिथे मैडम. हमन तो उहिच हन." आम्ही तेच आहोत. त्यानं यात कुठलीही तक्रार केली नाही, फक्त माहिती दिली. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "इतके पास सांभाळून ठेवले यानं, अन् तुमच्या त्या अहवालात याचं नाव नाही? काहून?" मी म्हटलं, आई, तुला चहा पाहिजे का.

तुम्हाला वाटेल की हे पाहून मला तुमची आठवण झाली आणि मी लगेच सरळ झाले. तसं झालं नाही. मी दोन दिवस काहीच केलं नाही. म्हणजे पुष्कळ केलं, सभागृहाची खुर्च्यांची मांडणी पाहिली, मंत्र्यांच्या भाषणातले आकडे तपासले, दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांना गाडी कुठे घ्यायला येईल ते कळवलं. त्या बाईच्या हातची पोळी खाल्ली आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. हिशोब मनात चालूच होता. यादी मागे घेतली तर पैशांचा हप्ता अडकणार, कायम नोकरीवाल्यांची युनियन बोंब मारणार, ते म्हणतील आमच्या ताटातलं काढून यांना वाढता. आमचे वरचे साहेब, फार सभ्य गृहस्थ, ते विचारणार की चार देशांनी जे मान्य केलं ते तू एकटी कसं मागे घेतेस. आणि मागे नाही घेतली तर काय होणार, तेही माहीत होतं. काहीच नाही. ठेक्यावरची माणसं मोर्चा काढत नाहीत, ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेट पास बंद करतो.

तिसऱ्या दिवशी मी भनपुरीला गेले. काम काही नव्हतं, गाडीवाल्याला म्हटलं तिकडून घे. तुमचं सबस्टेशन आहे, पण आता भिंत उंच केली आहे आणि आत ऑपरेटर दिसत नाही, आकडे म्हणे आपोआप वर जातात. रस्त्यावर ट्रक इतके की दहा मिनिटं तिथेच अडकलो, आणि त्या दहा मिनिटांत मला लहानपणचा एक रविवार आठवला. मी सातवीत आहे. सायकलवर डबा घेऊन आले आहे. तुम्ही डबा बाजूला ठेवता आणि म्हणता, चल, तू काटे वाच, मी लिहितो. दर तासाला प्रत्येक फीडरचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लाइनीचा, काटा पाहायचा आणि लॉगशीटवर त्या तासाच्या चौकटीत आकडा लिहायचा, हे मला येतं. मग तुम्ही यार्डात ट्रान्सफॉर्मरचं तेल बघायला जाता, जाताना सांगता की बाराचं रीडिंग तूच घे अन् तूच लिही, आणि मला आकाश ठेंगणं होतं. मी बघते तर मिलांच्या फीडरला सकाळपासून एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे चाळीस. मी बाराच्या चौकटीत एकशे चाळीस लिहिते. मग तुमचं काम हलकं व्हावं म्हणून एकच्या आणि दोनच्या चौकटीतही लिहून टाकते. अक्षर माझं तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

तुम्ही परत आलात, शीट पाहिली, मग पॅनेलकडे पाहिलं. काटा साठावर होता. एक मिल बंद झाली होती, ना घंटा वाजली ना काही. तुम्ही विचारलंत, "हे काहून भरलं?" मी म्हटलं, सकाळपासून तेच तर येऊन राहिलं. "सकाळपासून आलं म्हणून आता बी येईनच काय? काटा पाह्यला काय तुनं?" तुम्ही ओरडला नाहीत. रूळ लावून आकड्यांवर एक सरळ रेघ मारलीत, शेजारी सही केलीत, आणि शेऱ्याच्या रकान्यात हिंदीत लिहिलंत, 'बिना देखे भरा गया'. कुणी भरलं ते लिहिलं नाही. पंधरा दिवसांनी वीज मंडळाच्या ऑफिसातून तुम्हाला मेमो आला. घरी आई कडाडली, "कोन वाचते तुमचा थो कागद? रेघ मारली अन् सोडून देलं असतं तं काय बिघडलं असतं?" तुम्ही जेवत होता. म्हणालात, "कोनी वाचो का न वाचो. उद्या लाइनीवर जो मानूस चढन, थो याच कागदाच्या भरोशावर चढन." आणि वर मला म्हणालात, "पोट्टे, मीठ दे." मला त्या घासाला रडू आलं होतं. मेमो माझ्यामुळे आला होता आणि तुम्ही मीठ मागत होता.

ट्रक हलले. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि पत्र लिहिलं. चारच ओळी. परिशिष्ट मी मागे घेते आहे, कंत्राटी कामगारांची मोजणी नजरचुकीने राहून गेली आहे, गेट पासांच्या आधारे ती नव्याने करावी आणि तोवर मदतीची यादी अंतिम मानू नये. मग व्हायचं ते झालं. साहेबांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नाहीत, फक्त विचारलं की हे छापण्याआधी का लक्षात आलं नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे. पुढच्या आठवड्यात कळलं की कार्यक्रमाची सूत्रं दुसऱ्या कुणाकडे जातील आणि मी सल्लागार म्हणून राहीन. सल्लागार म्हणजे पंगतीत बसवायचं पण वाढायला विसरायचं. युनियनवाल्यांनी सभागृहाबाहेर घोषणा दिल्या, त्यात माझ्या नावाची एक होती, यमक बरं जुळलं होतं. पण मोजणी सुरू झाली, बाबा. ज्यांच्याकडे पास आहेत ते पास घेऊन येतात, ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी दोन जुन्या कामगारांची साक्ष चालते. त्या तात्पुरत्या यादीत आपल्या बाईच्या नवऱ्याचं नाव लागलं आहे. कागद भिंतीवर चिकटवला त्या दिवशी त्यानं फोनमधून त्याचा फोटो पाठवला, स्वतःच्या नावाखाली बोट धरून.

काल ती बाई बेसनाची ठेठरी आणि गोड खुरमी घेऊन आली, डबा भरून. आईनं शेजारच्या बायकांना बोलावलं आणि सगळ्यांना वाटलं. कुणीतरी मला म्हणालं, तुमची मोठी नोकरी होती, तुम्ही त्याचा विचार नाही केला, आजकाल कोण करतं असं. आई म्हणाली, "बापावर गेली पोट्टी. तुह्या बाबानं बी असंच केलं असतं." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. ती बाई माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. मी ठेठरी खाल्ली. दोन खाल्ल्या. कडक होत्या, चावायला वेळ लागतो, त्या वेळात बोलावं लागत नाही हे बरं होतं.

म्हणून हे लिहायला बसले. अहवालाचा पहिला मसुदा आला तेव्हा मी बर्लिनच्या ऑफिसात होते. इथली मोजणी ज्या सहकारी बाईंनी केली होती त्यांनी परिशिष्टाच्या खाली बारीक अक्षरात एक टीप लिहिली होती, की या यादीत कंत्राटी कामगार नाहीत आणि त्यांची वेगळी मोजणी करायला आणखी सहा महिने लागतील. पैसे देणाऱ्या देशांची बैठक तीन आठवड्यांवर होती. सहा महिने म्हटले असते तर त्यांनी हा प्रकल्प बाजूला ठेवून दुसऱ्या देशाचा घेतला असता, आणि मला तो हवा होता, रायपूरचा होता म्हणून तर जास्तच हवा होता. माझं चार ओळींचं पत्र त्या सहकारी बाईंनाही गेलं. त्यांनी उत्तरात फक्त 'पाहिलं' एवढंच कळवलं. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि साहेबांना सांगण्याचा प्रश्नच नाही. हे कागदही ठेवायचे नाहीत, आईच्या चष्म्याचा नंबर नवा आहे आणि ती सगळं वाचते. आतून तिच्या बांगड्यांचा आवाज येतो आहे, उठली बहुतेक. नजरचूक झाली नव्हती, बाबा. ती टीप मी दोनदा वाचली होती, आणि मग मीच ती काढून टाकली.